उंच ग्लासात जास्त

तीर्थरूप ताई,

तुझ्या एकुलत्या एका भावाचा नमस्कार. तुझा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मागच्या वेळी सांगितले होतेस, पण मी विसरलो. जे काही दुखत होते ते थांबले असेल अशी आशा आहे. भावोजींचा खोकलाही बरा असावा. (तो बरा नसता तर तू फोन केला असतास आणि बरा असता तर त्यांनी केला असता. कोणाचाच आला नाही, म्हणून मधली स्थिती धरून चाललो आहे.) इकडे आम्ही तिघे ठीक आहोत. तिसरी म्हणजे तुझी थोरली. ती वेळेवर जेवते, वेळेवर झोपते आणि आम्हालाही झोपवते. तिचा समोरचा एक दात पडला. तो पडणारच होता, त्यात माझा हात नाही. दात काड्यापेटीत जपून ठेवला आहे.

हे सगळे फोनवरही सांगता आले असते. पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला मुद्द्याचे बोल म्हणतेस, मग फोन स्पीकरवर टाकतेस आणि मागून भावोजींचे हसू ऐकू येते. पत्रात मध्ये बोलता येत नाही. म्हणून पत्र. मुद्दा शेवटी आहे. आधी शेवट वाचू नकोस.

माझे वर्ग नीट चालू आहेत. विम्याचे ऑफिस बंद झाल्यावर मी शिक्षक व्हावे ही कल्पना तुझी होती, याची तुला आठवण करून देण्याची गरज नाही. (लहानपणी शाळा-शाळा खेळताना तू नेहमी बाई असायचीस आणि मी वर्ग. पूर्ण वर्ग. मागच्या बाकावरची गडबडही मलाच करावी लागे.) बरोबरचे सगळे माझ्या निम्म्या वयाचे आहेत आणि मला काका म्हणतात. मानसशास्त्राच्या मॅडम पहिल्या दिवशी मला पंखा दुरुस्त करायला आलेला समजल्या आणि त्यांनी कोणता पंखा ते दाखवले. मी तो नीट पाहून घेतला, कारण तोवर खुलासा करायला उशीर झाला होता. पंखा अजून तसाच आहे आणि मॅडम अजून माझ्याकडे थोड्या अपेक्षेने बघतात.

विषय मोठा चांगला आहे. कोणत्या वयात मुलाला काय समजत नाही, हे पुस्तकात वयानुसार मांडून दिले आहे. वाचताना धीर येतो. मोठ्या माणसांसाठी असे पुस्तक निघालेले नाही.

आता प्रात्यक्षिकाचे सांगतो, कारण सगळे त्यावरून झाले. प्रत्येकाने एक लहान मूल आणायचे. दोन सारख्या ग्लासांत सारखे पाणी घ्यायचे आणि ते सारखे आहे असे मुलाकडून वदवून घ्यायचे. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातले पाणी एका उंच, अरुंद ग्लासात ओतायचे आणि विचारायचे, आता जास्त कुठे? पुस्तकाप्रमाणे सात वर्षांच्या आतले मूल उंच ग्लासाकडे बोट दाखवते. त्याला उंची दिसते, रुंदी दिसत नाही, ओतल्याने पाणी वाढत नाही हे त्याच्या ध्यानात येत नाही. मुलाने चुकायचे आणि ते का चुकले हे आपण परीक्षकांना समजावून सांगायचे. गुण समजावण्याला आहेत. पण मूल चुकलेच नाही तर समजावणार काय?

आमच्या गल्लीमागच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी बालवर्गाची जागा माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे, हे तुला ठाऊक आहे. निकाल हातात घेऊन या, म्हणाल्या. निकाल नसेल तर त्यांच्याकडे दुसरी एक मुलगी तयार आहे, तिला गाताही येते. मला गाता येत नाही, हेही तुला ठाऊक आहे. हा विषय राहिला तर परीक्षा पुन्हा पुढच्या वर्षी.

तर मला एक मूल हवे होते. आमच्या घरात ते नाही. वर्गातल्या पोरांनी आपापले भाचे-पुतणे आधीच वाटून घेतले होते. म्हणून मी तुला लिहिले की सुट्टीत थोरलीला पाठव, तिची फार आठवण येते. आठवण येतही होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, असे पुस्तकात पुढच्या एका प्रकरणात आहे.

ती आली त्याच दिवशी दुपारी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ग्लास मांडले. तिला सहावे सरून सातवे लागायला अवकाश आहे, म्हणजे चुकायला अगदी योग्य वय. पाणी ओतले. विचारले. तिने उंच ग्लासाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सारखंच आहे म्हणाली. का, म्हणून विचारले तर म्हणाली, तूच तर ओतलंस. मी पुन्हा विचारले. (शांतपणे. पुस्तकात शांतपणे असा शब्द आहे.) ती सारखंच म्हणाली, पण या वेळी जरा दमाने. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने ग्लासांकडे पाहिलेच नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत बघत ती म्हणाली, उंचात जास्त? माझा चेहरा उजळला असावा. मी तो पाहिला नाही, तिने पाहिला.

तिला हे आधीच कसे कळते याची मी चौकशी केली. ताई, याचे मूळ तुझ्या घरात निघाले. तुझ्याकडचे ग्लास फुटत फुटत मुलांसाठी एक उंच आणि एक बुटका असे दोनच उरले आहेत. त्यावरून रोज भांडण होते म्हणून तू एकदा थोरलीला बाजूला घेऊन सरबत या ग्लासातून त्या ग्लासात ओतून दाखवलेस. तिला ते पहिल्याच वेळी पटले. धाकट्याला तू दाखवले नाहीस. तेव्हापासून थोरली उंच ग्लास आपण होऊन धाकट्याला देते आणि तू तिला समजूतदार म्हणतेस. उंच ग्लासात ती किती ओतते, हे तू कधी पाहिलेले नाहीस. धाकटा खूश असतो. तीही खूश असते. हे तिने मला विश्वासाने सांगितले आहे, तेव्हा तुला माहीत नाही असे समज.

दुसरे मूल शोधायला वेळ नव्हता. मग मी जे केले ते तसे साधे होते. तिला म्हटले, परीक्षेच्या दिवशी उंचात जास्त असे म्हण. योग्य उत्तर मुलांच्या गळी उतरवायला किती वेळ लागतो यावर पुस्तकात पानेच्या पाने आहेत. अयोग्य उत्तर तिने चहा उकळेपर्यंत शिकून घेतले. अडचण निराळीच आली. ती वाजवीपेक्षा जास्त करू लागली. पाणी ओतायच्या आधीच गालावर हात ठेवून अगं बाई, किती वाढलं, असे म्हणे. ते कमी करायला बराच सराव करावा लागला. शिवाय अजून काय काय चुकायचे, हे ती विचारू लागली. मातीच्या गोळ्याची लांब वळी केली तर माती वाढली म्हणायचे का? बटणे लांब लांब मांडली तर जास्त झाली म्हणायचे का? (म्हणायचे असते. पुस्तकात आहे. मी तिला सांगितले नव्हते, ती स्वतःहून तिथे पोचली.) जेवताना तिने मामीला विचारले की पोळीचे दोन तुकडे केले तर पोट जास्त भरेल असे म्हणू का. तुझ्या भावजयीने हातातला घास खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून तू या पोरीला काय केलंस, एवढेच विचारले. मी म्हटले, अभ्यास.

परीक्षा वर्गाच्या शेजारच्या खोलीत होती. एक टेबल, पाण्याचा जग, पुसायला फडके आणि भिंतीशी खुर्च्यांवर बसलेली मुले. परीक्षक बाई वयस्क होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सकाळपासून एकामागून एक मुले उंचात जास्त म्हणत होती आणि बाई मान डोलवत होत्या. आमची पाळी आली. तुझी थोरली खुर्चीत बसली, पाय हलवले नाहीत, गालाला हात लावला नाही. मी ओतले, विचारले. तिने क्षणभर विचार केल्यासारखे केले (हे मी शिकवले नव्हते) आणि बेताच्या आवाजात उंचात जास्त म्हणाली. तिचा मला अभिमान वाटला. मी उंची, रुंदी, वय, सगळे समजावून सांगितले. बाईंनी लिहून घेतले. पेन खाली ठेवले. आणि थोरलीला विचारले, तुला असं का वाटलं गं?

ताई, मी तिला उत्तर शिकवले होते. कारण शिकवले नव्हते. इतकी वर्षे शाळेत आपल्या बाबतीतही हेच झाले, असा एक विचार मनात आला, पण ती वेळ नव्हती. परीक्षार्थीने खूण करायची नाही असा नियम आहे, म्हणून मी पंख्याकडे बघू लागलो. थोरलीने माझ्याकडे पाहिले. मग ती बाईंकडे झुकली आणि कानात बोलावे तशी, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खरं म्हणजे सारखंच आहे. पण मामाला अजून ते कळत नाही. त्याच्यासमोर उंचात जास्त म्हणायचं. नाहीतर तो परत परत विचारत बसतो."

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मग त्याला समजावून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "कळेल हळूहळू."

कोपऱ्यात बसलेल्या मानसशास्त्राच्या मॅडमना खोकल्याची उबळ आली आणि त्या बाहेर गेल्या. बाई मला म्हणाल्या, आता या उत्तराचे स्पष्टीकरण द्या. एवढ्या लहान मुलांना दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे नीट ओळखता येत नाही, असे आम्ही शिकलो आहोत, आणि तेच मी सांगू लागलो. अर्ध्या वाक्यात थांबलो. तिला हे उत्तर मी पढवले, असे मग सरळ सांगून टाकले. बाई रागावल्या नाहीत. तीन-चार ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, "मुलीचं निरीक्षण चांगलं आहे. तुमचं राहिलंय. महिना संपायच्या आत दुसरं मूल घेऊन या."

तर मी नापास नाही आणि पासही नाही. घरी येताना थोरलीने विचारले, झालास का पास? मी म्हटले, अजून नाही. तिने ते मनाला लावून घेतले नाही. रस्ता ओलांडताना मात्र माझा हात धरला, आणि पलीकडे गेल्यावरही बराच वेळ सोडला नाही. लहान मुलाचा धरावा तसा धरला होता.

बाकी सर्व क्षेम. तिला येत्या रविवारी घेऊन येतो. भावोजींना नमस्कार, धाकट्याला पापा. गुडघ्याला शेक दे.

तुझा,
वर्ग

ता. क. – धाकट्याला पाठव. चारच दिवस. तो अजून उंच ग्लासावर विश्वास ठेवतो, असे थोरलीकडून खात्रीपूर्वक कळले आहे आणि ती याबाबतीत चुकणार नाही. रविवारी तिला सोडतो आणि त्याला घेऊन येतो. तोवर त्याला काही समजावून सांगू नकोस. सरबत नेहमीप्रमाणे उंच ग्लासातच दे. मुख्याध्यापिकांना मी कळवले आहे की फक्त एक मूल यायचे बाकी आहे. (त्यांनी माझ्या पत्नीचे अभिनंदन केले. तो गैरसमज वेगळा निस्तरतो आहे.)

ता. क. २ – भावोजींनाही त्याला काही समजावू देऊ नकोस. नळ कसा चालतो हे ते कोणालाही सांगतात.

ता. क. ३ – पाकीट चिकटवणार तोच कळले की थोरलीने आज दुपारी मामीच्या फोनवरून धाकट्याला फोन केला होता. मला मदत म्हणून. मामा विचारेल तेव्हा उंचात जास्त म्हण, असे तिने त्याला बजावले. त्याने का म्हणून विचारले, कारण त्याच्या मते ते होतेच जास्त. मग तिला त्याला सगळे समजावून सांगावे लागले, अगदी घरातल्या सरबतासकट. तिला विचारले, अगं, आता तुझ्या वाटणीचे काय? ती म्हणाली, जाऊ दे, तुझी शाळा आहे ना. आता धाकटा परीक्षेत उंचात जास्त म्हणालाच, तर ते त्याला कळत नाही म्हणून की माझी कीव आली म्हणून, हे मला कधीच कळणार नाही. पुस्तकातही नाही. तरी त्याला पाठव. आणि दोन सारखे ग्लास आणून ठेव, आजपासून लागतील.