चौतीस रिकामे चौकोन

४ ऑक्टोबर

चि. ठमीस, अ. उ. आ.

आठवतं का तुला, बोर्डिंगमध्ये शनिवारी दुपारी आपण दोघी मागच्या पायरीवर बूट पॉलिश करायला बसायचो? डावे माझ्याकडे, उजवे तुझ्याकडे. तू डबीत बोट बुडवून नाकाला लावायचीस, आणि सिस्टर आल्या की हे ताईने केलं म्हणून मोकळी व्हायचीस. काल कपाट आवरताना वाळून खडक झालेली पॉलिशची एक डबी सापडली आणि मी कितीतरी वेळ तशीच जमिनीवर बसून राहिले. उठताना गुडघ्यांनी आपलं मत सांगितलं, ते वेगळं.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. मदर दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवायच्या, ती खोड आपल्या दोघींची गेली नाही, हे एक. दुसरं म्हणजे हल्ली फोनवर मला मोकळं बोलवत नाही.

मूळचे कोण आणि बाहेरचे कोण हे ठरवायला समिती नेमलीय, ते तू वाचलं असशीलच. सुरुवात तुझ्या गावापासून आहे, कारण म्हणे तिथलं शास्त्रीय काम आधीच झालेलं आहे. ते काम म्हणजे माझा प्रबंध! रोज संध्याकाळी टीव्हीवर चार माणसं भांडतात आणि त्यातला एक तरी माझं पुस्तक कॅमेऱ्यासमोर नाचवतो. मानववंशशास्त्र चार लोकांत बोललं गेलं पाहिजे, ग्रंथालयात धूळ खात पडू नये, असं मी तीस वर्षं वर्गात सांगत आले. आता भोग म्हणावं.

आमचा विभागप्रमुख परवा घरी येऊन गेला. माझाच विद्यार्थी, ज्याला मी प्रबंध तीनदा परत लिहायला लावला होता, तो. बिस्किटांचा पुडा आणला, तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाला, की २९ तारखेच्या सुनावणीत मॅडमनी हे काम माझं आहे एवढंच म्हणायचं, बाकी आम्ही बघतो. दारात चपला घालताना सहज विचारावं तसं विचारलं, की मुलांचे मूळ कागद कुठे असतील. मी आठवत नाही म्हटलं.

आठवतंय मला. तेहतीस वर्षांपूर्वी तू त्या शाळेत नवीन बाई होतीस, आणि माझ्यासाठी सातवीच्या दोन्ही तुकड्यांना गृहपाठ दिला होतास: आपल्या घराचं झाड काढा, दर चौकोनात माणसाचं नाव आणि जन्मगाव लिहा. कालव्याकाठच्या वस्तीतली मुलं सगळी त्याच दोन तुकड्यांत होती, त्यामुळे माझं घरोघर हिंडणं वाचलं. ते कागद अजून शाळेत असले तर बघ. कुणाला दाखवू मात्र नकोस.

तुझी माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

ताई

११ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

नाकाला पॉलिश तू लावायचीस, मी नाही. वय झालं की प्राध्यापकांचे पुरावे असे इकडचे तिकडे होतात.

कागद आहेत. नकाशांच्या कपाटात, खालच्या खणात, मी बांधलेल्या निळ्या नाडीसकट. कडा कसरीने खाल्ल्यात, पण अक्षरं शाबूत आहेत. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला असते.

इकडची बातमी सांगते. गेल्या सोमवारी वस्तीत दोन माणसं रंगाचे डबे घेऊन आली. काही दारांवर पांढरे आकडे घातले, काहींवर लाल. कुणाला काही विचारलं नाही, हातातली यादी बघून रंगवत गेली. बेकरीवाली आठवते ना, दोन वेण्या घालून शेवटच्या बाकावर बसायची ती? तिच्या दाराला लाल. समोरच्या शिंप्याला पांढरा. तिने मला दुकानात थांबवलं आणि विचारलं, की बाई, त्याचा आजा आणि माझा आजा आयुष्यभर एकाच गल्लीत एकमेकांशी भांडत मेले, मग मलाच लाल का. मी चौकशी करते म्हटलं. तर म्हणते कशी, पूर्वी तुम्हाला सगळी उत्तरं यायची हो.

शाळेत येऊन मी तिचा कागद काढला. आजोबांच्या चौकोनात नाव आहे, जन्मगाव रिकामं. मग मी सगळेच काढून बसले. सातवीच्या पुस्तकात पान चव्वेचाळीसवर तुझा तक्ता आहे, मी तो एकोणीस वर्षं शिकवला, मला तोंडपाठ आहे: अठ्ठावन्न कुटुंबं, सतरा इथली, एकेचाळीस बाहेरची. पण कागदांवर दुसऱ्या गावाचं नाव लिहिणारी मुलं फक्त सात आहेत. चौतीस जणांनी आजोबांचं गाव लिहिलेलंच नाही. मी तीनदा मोजलं. गणिताच्या सरांना मोजायला सांगणार होते, पण कुणाला दाखवू नकोस म्हणालीस ना.

हे चौतीस बाहेरचे कसे झाले गं? तू नंतर घरोघर जाऊन विचारलं असशील, त्याची वही वेगळी असेल. तसं दोन ओळींत लिही, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

तुझे आशीर्वाद आहेतच, पण उत्तर लवकर हवं.

ठमी

१५ ऑक्टोबर

आदरणीय मॅडम, स. न. वि. वि.

आपली तब्येत बरी असेल अशी आशा आहे. निवृत्त होताना आपण विभागात ठेवलेली कुटुंबांच्या नावांची नोंदवही समितीस सुपूर्द केली आहे. तिचा फार उपयोग झाला, असे समितीने आवर्जून कळवले आहे. आपल्या शास्त्राला एवढे महत्त्व आजवर कधी मिळाले नव्हते.

मुलांचे मूळ कागद आपल्या भगिनींच्या शाळेत असल्याचे समजले. ते विभागाच्या संशोधनाचा भाग असल्याने समितीचे एक गृहस्थ तेथे जाऊन घेतील. भगिनींनी तसदी घेऊ नये. आपल्या निवेदनाचा मसुदा सोबत आहे, त्यावर फक्त सही हवी. आपल्या नावाने वार्षिक व्याख्यानमाला सुरू करण्याचाही विचार आहे.

आपण एकट्या राहता, याची आम्हा सर्वांना काळजी वाटते. म्हणून आपल्या इमारतीखाली एक माणूस बसवण्याची व्यवस्था केली आहे.

आपला मार्गदर्शक हात पाठीशी राहावा, ही विनंती.

आपला विद्यार्थी

१७ ऑक्टोबर

चि. ठमीस, अ. उ. आ.

वेगळी वही नाही. मी कुणाच्या घरी गेले नव्हते.

माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक होते त्या सरांना तक्त्यात रिकामी जागा खपत नसे. रिकामा रकाना म्हणजे आळशी संशोधक, असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे. मी तीन रकाने आखले होते: इथले, बाहेरचे, माहीत नाही. तिसऱ्यावर त्यांनी पेन्सिलीने काट मारली. प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते, परदेशातली जागा त्यावर अवलंबून होती. मी तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले होते. तू शाळेत गेली होतीस, आणि वस्ती तिथून दहा मिनिटांवर होती. पायात चपला सरकवून गेले असते आणि चौतीस दारांवर एकच प्रश्न विचारला असता, तर दोन दुपारी पुरल्या असत्या. मी मनाशी म्हटलं, कालव्याच्या काठी राहतात, म्हणजे कालवा खणायला आलेलेच असणार. आणि दुपारच्या चहाच्या आत चौतीसही भरून टाकले. अक्षर फार सुरेख काढलं होतं, ते आजही आठवतं.

त्या तक्त्यावर मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, पुस्तक निघालं, आणि त्यातून तो तुझ्या सातवीच्या पाठ्यपुस्तकात पोचला. मी हजार मुलांना शिकवलं, की माणसाला ऐकल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहू नये. नावं माझ्याजवळून बाहेर जाणार नाहीत, असा शब्द त्या मुलांच्या आईबापांना तू माझ्या वतीने दिला होतास. नोंदवही विभागाच्या कपाटात ठेवताना मला तो आठवलासुद्धा नाही.

प्रमुखाचं पत्र आलंय. कागद घ्यायला माणूस येईल. देऊ नकोस. आणि इथे खाली खुर्ची टाकून खरंच एक माणूस बसलाय. मी भाजी आणायला निघाले की घड्याळ बघतो.

मला काय म्हणायचं ते म्हण, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

ताई

२२ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

शिरसाष्टांग आज लिहवत नाही, समजून घे.

बेकरीवालीच्या थोरल्या मुलीला त्या धड्यावर दहापैकी दहा मिळाले होते गं. धाकटीलाही. आपण बाहेरचे आहोत हे त्या पोरींनी घोकून लिहिलं, आणि लाल शाईने बरोबरची खूण मी केली. तू एकदा चुकलीस. मी एकोणीस वर्षं दरसाल चुकले, आणि उत्तर माझ्याच कपाटात पडून होतं. एक कपाट उघडायला मला बुद्धी झाली नाही.

तो गृहस्थ आला होता. फार सभ्य. पाणी प्यायला, भिंतीवरच्या मुलांच्या चित्रांचं कौतुक केलं, आणि नकाशांच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला. मी सांगितलं, की कुलूप अडकलंय, किल्ली सुताराकडे आहे. किल्ली कमरेला होती. मदर असत्या तर शंभर वेळा लिहून घेतलं असतं. तो हसला आणि म्हणाला, सुताराचं नाव सांगा, आम्हीच आणतो. मी म्हटलं, तो परगावी गेलाय, सोमवारपर्यंत येईल. म्हणाला, सोमवारी येतो. जाताना माझ्या घराचा पत्ता न विचारता बरोबर सांगितला.

मी कागद घरी आणले. झेरॉक्स काढायला गेले तर दुकानदार म्हणाला, मशीन बंद आहे. मशीन चालू होतं ताई, त्यातून दुसऱ्या कुणाचे कागद बाहेर पडत होते. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

लाल दारांना नोटिसा आल्यात, ३० तारखेला सामानासकट स्टेशनमागच्या गोदामात हजर व्हा म्हणून. कंपाउंडरच्या घरचे पडताळणीसाठी आधीच नेले. दाराला सील आहे. दोरीवरचे कपडे चार दिवस तसेच होते, शेवटी शेजारच्या शिवणकामवालीने काढून घड्या घालून ठेवले. ते कुठे आहेत हे चौकीत कुणी सांगत नाही. कंपाउंडरचाही कागद माझ्यासमोर आहे. चौकोन रिकामा.

आणि आणखी एक. कागद अठ्ठावन्न नाहीत, एकोणसाठ आहेत. शेवटचा माझ्या अक्षरातला आहे. मुलांना कळावं म्हणून मी फळ्यावर आपल्या घराचं झाड काढलं होतं, त्याचा हा नमुना. आपल्या आजोबांचं जन्मगावही रिकामंच आहे. बाबांनी कधी सांगितलं नाही, आपण कधी विचारलं नाही. त्या चौकोनात तुझ्या सुरेख अक्षरात, पेन्सिलीने लिहिलंय: इथले.

तू बोलणार असशील तर आता बोल. म्हातारीला भ्रम झाला म्हणतील, ते गृहीत धर.

रागावले आहे, पण तुझीच

ठमी

२६ ऑक्टोबर

चि. ठमीस, अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ती पेन्सिल मला आठवत नव्हती. चौतीस जणांसाठी निदान एक कारण तरी शोधलं होतं, कितीही खोटं असो. आपल्यासाठी तेही शोधावं लागलं नाही.

मसुद्यावर सही केली नाही. प्रमुखाला फोन करून सांगितलं, की तक्ता खोटा आहे आणि ते मी सुनावणीत सांगणार. तो हळू आवाजात म्हणाला, की मॅडम, विभागातल्या अकरा जणांच्या नोकऱ्या आहेत, आणि आता तक्ता खरा की खोटा हे कुणी विचारत नाहीये. माझा विद्यार्थी आहे. घाबरला की त्याचा आवाज बसतो, हे मला माहीत आहे. तो घाबरलेला होता.

२९ ला सकाळी मला न्यायला गाडी येणार आहे. सुनावणी तासाभराची आहे असं पत्रात लिहिलंय, आणि खाली हाताने एक ओळ: सोबत दोन जोडी कपडे व औषधे आणावीत.

तू इकडे येऊ नकोस. तुझं काम तिकडे आहे, आणि सोमवारच्या आत आहे. हे पत्र खालच्या माणसासमोरून पेटीत जाणार नाही. दूधवालीच्या हाती पाठवते आहे, ती तुझ्याच गावाला लेकीकडे निघाली आहे. तिच्या पिशवीतली जड पुडीही तुझ्यासाठीच आहे. ताप आला की डोक्यावर हात ठेवायचीस तसा एकदा मनाने ठेव, म्हणजे मला धीर येईल.

तुझी ताई

ता. क. कोणाला काय द्यायचं ते नीट लिहिते.

पुडीत चौतीस चिठ्ठ्या आहेत, प्रत्येकीवर नाव आहे. हा चौकोन मुलाने रिकामा ठेवला होता आणि मी न विचारता भरला, असं माझ्या अक्षरात, सहीनिशी. ज्याचा कागद त्याला, चिठ्ठीसकट, हातात द्यायचा. दारात ठेवून यायचं नाही. बेकरीवालीला चिठ्ठी वाचून दाखव, आणि ती जे बोलेल ते ऐकून घे, माझ्या वाटचंही.

कंपाउंडरचा कागद त्या शिवणकामवालीकडे, त्याच्या कपड्यांच्या घडीत.

पुस्तकाची माझी पहिली प्रतही पुडीत आहे, ती पोस्टाने विभागप्रमुखाला. तक्त्याचं पान मी फाडून घेतलं आहे.

ज्या सात मुलांनी दुसऱ्या गावाचं नाव लिहिलं होतं, त्यांच्याकडे सगळ्यांच्या आधी जा. त्यांना चिठ्ठी नाही. कागद द्यायचा आणि सांगायचं, की याची दुसरी प्रत कुठेही नाही, ठेवा नाहीतर जाळा. चौतीस जणांना वाचवताना ते सात आपण आयते हातात द्यायचे नाहीत. माझ्या तोंडून सात हा आकडा कुणाला ऐकू येणार नाही, तुझ्याही येऊ नये.

एकोणसाठावा कागद दूधवालीबरोबर मला परत पाठव. समितीसमोर ठेवायला माझ्याजवळ तेवढाच असेल. पण तो ठेवला, की लाल रंग तुझ्याही दारावर येईल. म्हणून आधी तू ठरव. पाठवायचा असेल तर पेन्सिलीने लिहिलेलं ते खोडून, आजोबांचा चौकोन रिकामा करून पाठव.