मे महिन्यात चढलेलं पाणी

१२ मे, सोमवार

मे महिन्यात बोअरचं पाणी चढत नसतं! एकतीस वर्षं जमिनीला भोकं पाडतोय, हे मला कुणी शिकवायला नको.

तरी आज लेकीच्या, योगिनीच्या सोसायटीत मीच मारलेल्या बोअरचं झाकण काढून खडा टाकला. पाणी नव्वद फुटांवर असायला हवं. आवाज आला साठाच्या आतला. पुन्हा टाकला. तेच. माझे कान सहसा फसत नाहीत. मंदा म्हणते, "शेजारच्या घरातली कुजबुज ऐकू येते तुम्हाला, बायकोची हाक तेवढी येत नाही."

सोसायटीचे सेक्रेटरी हसमुखभाई खूश. "काका, तमारा हाथमां जादू छे!" पेढाच भरवला. मी हसलो, खाल्लाही. पण पाऊस नाही, जवळ कालवा नाही, तळं नाही — मग हे पाणी येतंय कुठून?

१३ मे

लेकीकडेच होतो. सानवी अडीच महिन्यांची झाली. ओठ जांभळट दिसले. म्हटलं, "काय गं चोरटे, आजोबांना सोडून जांभळं खाल्लीस?" योगिनी हसली नाही. म्हणाली, "बाबा, ही आज नीट रडतसुद्धा नाही."

योगिनीला अंगावर दूध कमी, म्हणून डब्याची पावडर. त्यासाठी पाणी अर्धा तास उकळायचं, हा मंदाचा हुकूम. पातेलं निम्मं होईस्तोवर उकळते बिचारी.

उद्या डॉक्टरला दाखवू म्हणाली.

१५ मे

कालपासून दवाखान्यातच. लिहायचं सुचत नव्हतं.

पोर शिळ्या राखेच्या रंगाची झाली होती. नर्सने रक्त काढलं — चॉकलेटसारखं! इतक्याशा जिवाचं रक्त असं? नर्सने ती नळी झटकन मुठीत लपवली. मी पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?"

योगिनी म्हणाली, "बोअरचं. बाबांनीच मारलीय." अजून अभिमानाने म्हणाली.

पाण्यात नायट्रेट असणार म्हणे. मोठ्यांना लगेच काही होत नाही, तान्ह्याच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. आणि उकळून ते जात नाही. पाणी आटतं, ते उरतं. मंदा भिंतीला टेकून खालीच बसली. अर्धा तास उकळ, अर्धा तास उकळ!

आमच्या धंद्यात रिवाज आहे. पाणी लागलं की पहिला तांब्या बोअर मारणाऱ्याने प्यायचा आणि "गोड आहे" म्हणायचं. मगच घरच्यांनी तोंड लावायचं. त्या सोसायटीत मी दोन तांबे प्यालो होतो. लेकीचं घर! अख्ख्या बडोद्यात माझ्या जिभेवर लोक पाणी पितात. आणि या विषाला चवच नाही.

१६ मे

शिरेतून औषध दिलं. निळेपणावर औषधही निळंच! संध्याकाळी नखं गुलाबी झाली. मंदाने तीनदा मोजून बघितली — वीसच्या वीस.

१७ मे

मला राहवेना. त्या भागात मी मारलेल्या सात बोअर आहेत. प्रत्येकीत खडा टाकत गेलो. तिथल्या एका कारखान्याच्या पत्र्याच्या कंपाउंडच्या जितकं जवळ जावं, तितकं पाणी वर.

भर दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. पत्र्याला कान लावला. मोटर पाणी ओढते तेव्हा जमीन कण्हते, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. हा उलटा होता. कुणी आवंढे गिळावे तसा. थांबून, थांबून. जमीन पीत होती!

फटीतून पाहिलं. आत केमिकलच्या सांडपाण्याचा टँकर उभा, त्याची नळी बोअरमध्ये सोडलेली. केसिंग पाइपच्या तोंडाशी वेल्डिंगचा तिरका जोड. माझा हात मी ओळखणार नाही?

सहा वर्षांपूर्वी मारली होती. चारशे फुटांवरही कोरडी. कोरडी बोअर माती भरून बुजवायची असते. कारखान्याचा शेठ हसून म्हणाला होता, "सूकी छे? वांधो नहीं. बंद ना करता." हरकत नाही, पण बुजवू नका! कोरड्या भोकाचं याला काय करायचंय, हे मनात आलं होतं. विचारलं नाही. धंद्यात काय विचारू नये हे मला फार लवकर कळलं, म्हणून तर वर आलो.

१८ मे

हसमुखभाईंना म्हटलं, पाणी बंद करा. म्हणाले, "काका, आम्ही सगळेच पितोय, कुणाला काय झालं? पोरीचं काही दुसरं असेल." मी कंपाउंडचं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.

सानवीसाठी पाण्याचे जार ठरवले. धनाजीराव देतो. प्रतापनगरला एका वाफ्यात वाढल्यासारखे वाढलो आम्ही. आता शहराबाहेर त्याचा पाण्याचा प्लांट आहे. म्हणाला, "नातीसाठी ना? मशीनमधून काढलेलं, एकदम शुद्ध."

प्रदूषण मंडळाला अर्ज लिहायला घेतला. 'सदर बोअर मी स्वतः' — इथवर लिहून फाडला. पोरगी वाचेल ना तो!

२१ मे

सानवी घरी आली. हसली!! माझ्याकडे बघून.

२२ मे

अर्ज उद्या.

२३ मे

योगिनी म्हणाली, "बाबा, तुम्ही जार ठरवलेत म्हणून निभावलं." माझा हात धरला होता तिने. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. पोर बरी आहे. मग कशाला ढवळायचं?

तरी कानात तेच. आवंढे.

२५ मे, रविवार

सकाळी धनाजीरावचा फोन. आवाज आनंदाने फुटत होता. "बळवंतराव, तुझ्या हाताला यश आहे रे! भर मे महिन्यात माझी बोअर चाळीस फूट चढलीय! इतकं गोड पाणी, की आठवडा झाला, मशीन बंदच ठेवलंय मी."

योगिनीला फोन लावला. म्हटलं, जार ओतून दे. "का, बाबा?" म्हणाली. सांगितलं. सगळं. कंपाउंडातली ती बोअर माझी, हेही.

ती तडक मोरीकडे गेली, पावलं ऐकू आली. फोन मात्र ठेवला नाही. मोरीत जार पालथा केल्याचा डबडब आवाज बराच वेळ येत राहिला. त्यामागे सानवीचं रडणं मी शोधत होतो. ते येत नव्हतं.