बांगड्यांत झाकून जाईल

३ फेब्रुवारी १९८६
घाटकोपरला तपासणी. मोठ्या डॉक्टरांनी बॅटरी मारून गाल आतबाहेर पाहिला, फोटो काढले. स्वारी खूश. "झकास! गाठ होती हे सांगूनसुद्धा कळणार नाही कोणाला."
मी डावा हात पुढे केला. त्यांनी न बघताच म्हटलं, "भरलाय की तो."
भरलाय म्हणे. दिवाळीच्या आधी गालातली गाठ काढली, तिथे डाव्या मनगटाची कातडी शिरेसकट उचलून लावली आणि मनगटाच्या खड्ड्यावर मांडीची पातळ कातडी चिकटवली. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर! अंगठ्याच्या मागे अजून बधिर आहे. ऑफिसात टाइप करताना डावा हात अर्ध्या पानातच भरून येतो. हे कुठे लिहिलं असेल? गाल तेवढा 'झकास'.
ऑपरेशनच्या आधी मी विचारलं होतं, हातावर व्रण राहील का? हसून म्हणाले, "बायकांचं बरं असतं. बांगड्यांत झाकून जाईल." मीही हसले होते तेव्हा.

९ फेब्रु.
कांदिवलीला चुलत नणंदेचं लग्न. निघताना सासूबाईंनी डझनभर हिरवा चुडा पुढे केला. म्हटलं, डाव्या हातात नको, कातडी नाजूक आहे.
"अगो, रिकाम्या हातान लग्नाक जातलंस? लोकां काय म्हणतली? तुझ्या डॉक्टरानच सांगल्यान ना, बांगड्ये भर म्हणान!"
ह्यांच्याकडे पाहिलं. हे बुटाची नाडी बांधत होते, बराच वेळ.
भरल्या. दिवसभर वाढणं, उचलणं, ओट्या भरणं. काच मनगटावर खालीवर घासत होती. वाटलं, एक दिवस तर आहे.

१० फेब्रु.
सकाळी साडीला रक्त. बांगड्या साबणाने काढल्या, दोन फोडाव्या लागल्या. सासूबाईंना 'फोडल्या' शब्द ऐकवेना, देवापाशी जाऊन बसल्या. कातडी उलली आहे, आत पांढरं दोरीसारखं काही दिसतं. रजा.
राग कोणावर काढू? त्यांनी बिचाऱ्यांनी डॉक्टरचंच ऐकलं.

१२ फेब्रु.
ड्रेसिंग. डॉ. मीना, मो. डॉ.च्या हाताखालची मुलगी, कमी बोलते. जखम बघून ओठ चावले. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं: मनगटापाशी कातडीखाली मांस नसतं, नुसत्या बोटं हलवणाऱ्या दोऱ्या, वर लावलेली कातडी नीट धरत नाही. कोपराकडे मांस असतं, तिथे चांगली धरते.
"मग माझी खालून, मनगटापाशी का घेतली?"
"खालून शीर लांब मिळते, गालाला जोडायला सोपी. वरून घेतली तर जोडणं जिकिरीचं." मग हळूच, "आणि बांगड्या..."
डोकं सणकलं. काचेच्या बांगड्या दिवसभर हातावर काय करतात हे ह्या लोकांच्या घरात कोणाला माहीत नाही? आया, बायका नाहीत? पण घासणारी जागा ह्यांनी झाकणारी म्हणून निवडली! वर उपकार.

२० फेब्रु.
मो. डॉ.नी विद्यार्थ्यांपुढे बसवलं. पडद्यावर माझा गाल, आधीचा, नंतरचा. हाताचा फोटो एकच, टाके काढले त्या दिवशीचा, तोही कोपऱ्यात कापलेला. "हाताची काही तक्रार नाही," म्हणाले.
मी पट्टी सोडून हात वर धरला. पोरं बघतच राहिली.
मो. डॉ. इंग्रजीत काहीतरी बोलले नि दिवा घालवला. पुढची स्लाइड.
घरी येऊन खूप रडले. तिथे रडले नाही हे बरं.

२७ फेब्रु.
ड्रेसिंगला गेले तर बाहेर बाकावर वेसाव्याची हेमा भेटली. मासळी विकते. तिच्याही गालात गाठ, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. मी विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "डाव्या मनगटाची कातडी काढतील. डॉक्टर बोलले, बांगड्यांत झाकून जाईल."
तेच वाक्य! शब्द न शब्द तोच.
हात दाखवला. तिने स्वतःचं मनगट चाचपलं. मग, "बाय, माजा हात दिसभर बरफात नि मिठात. टिकंल काय ही कातडी?"
म्हटलं, माझी तर लग्नात टिकली नाही गं.

३ मार्च
हेमाबरोबर आत गेले. मो. डॉ.ना म्हटलं, हिची कोपराकडून घ्या.
"सर्जन मी की तुम्ही? वरून घेतली आणि शीर बसली नाही, गाल काळा पडला, तर जबाबदार कोण?"
मी कोपऱ्यात उभ्या डॉ. मीनाकडे पाहिलं. हेमा मात्र म्हणाली, "वरून घेणार असाल तर घ्या. नायतर मी चालले घरी."
ती चालले म्हणाली तेव्हा मी तिचा पदर धरला. गाठ काही थांबायची नाही. माझ्या सांगण्यावरून ही निघून गेली तर?
मो. डॉ. खिडकीबाहेर बघून म्हणाले, "आत गेल्यावर बघू." डॉ. मीना माझ्याकडे बघेना.
बघू म्हणजे काय? हात तिचा आहे ना?

६ मार्च
दुपारनंतर हेमाला बाहेर आणलं. डावा हात बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत पट्टीत, खाली फळी. कुठून घेतली काही कळायला मार्ग नाही. डॉ. मीना अजून आतच.
सिस्टर हसत आली. "गाल मस्त बसलाय हो!"
"आणि हात?"
"हाताचं काय?"
पट्टी पुढच्या आठवड्यात सुटेल. सगळे गालाभोवती जमतील. मी हाताच्या बाजूला उभी राहणार आहे.