तोंड उताराला

अप्पा, परवा विंझरच्या अलीकडे मी गाडी उभी केली ती चढाच्या पायथ्याला, आणि तिचं तोंड चढाकडे होतं. एवढं एक वाक्य तुम्हाला पुरे आहे. पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखाल, बोलणार काही नाही, फक्त मान हलवाल. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ती हलणारी मान मला लिहिता लिहिता समोर दिसते आहे.

भोर-पुणे सर्व्हिस मोटार तुमच्या हातात होती तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. कात्रजचा घाट चढून वर आलं की उतारू पाणी प्यायला खाली उतरायचे. तुम्ही आधी मोटार चार हात पुढं न्यायचात, तिचं तोंड उताराला करायचात, चाकाखाली दगड सारायचात आणि मगच बिडी पेटवायचात. एकदा मी विचारलं तर म्हणालात, "यंत्र आहे, कधी रुसेल नेम नाही. उतार असला म्हणजे रुसवा काढायला चार माणसं गोळा करावी लागत नाहीत." घरातही तुमचं तेच. आई चुलीपुढं बसून भाकरी थापते आहे, मी कशावरून तरी भडकतो आणि बसायच्या पाटाला लाथ घालतो. तुम्ही रॉकेलच्या फडक्यानं हात पुसत दारात उभे. "पाटाला काय कळलं रे? पाय कुणाचा दुखला? जा, तोंड उताराला कर." म्हणजे मागच्या दाराच्या पायरीवर, नदीकडे तोंड करून, राग उतरेपर्यंत बसायचं. मग तुम्ही स्वतः ताट घेऊन यायचात आणि शेजारी बसायचात. त्या पायरीवर मी जितक्या भाकरी खाल्ल्या तितक्या घरात खाल्ल्या नसतील.

मी शिकून मोटारीच्या मागच्या बाकावर बसणारा व्हावं, अशी तुमची इच्छा होती. मामांनी पुण्याला कॉलेजात घातलंही. दुसऱ्या वर्षी एका प्रोफेसरांनी भर वर्गात माझ्या बोलण्याची नक्कल केली, वर "ड्रायव्हरसाहेब, जरा हळू" असं म्हणाले. सगळा वर्ग हसला. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि निघालो तो भोरला येऊनच थांबलो. हे झालं सांगायचं कारण. दुसरं कारण भोरातच होतं. ती वेल्ह्याची, शिकायला म्हणून आमच्या आळीत मावशीकडे राहिलेली. दोन वर्षांत आमचं बोलणं झालं असेल सात-आठ वेळा, त्यातलं निम्मं पावसाबद्दल. पण मला दुसरं काही सुचेनासं झालं होतं. गेल्या दिवाळीत ती वेल्ह्याला परत गेली. मी इथं एका कंत्राटदाराच्या चिरंजीवांच्या गाडीची निगा राखायच्या कामाला लागलो. अप्पा, गाडी म्हणजे लाल, बुटकी, दोघांपुरती, उघडी. शर्यतीत पळवायचीच जात. धनी महिनाभर मुंबईला जाताना बजावून गेले होते, "रोज दहा मिनिटं इंजिन चालव. गाडी बाहेर काढायची नाही."

आणि मग तिची चिठ्ठी आली. "रविवारी दुपारी वरव्याचे पाहुणे सुपारीला येणार आहेत. मला ते स्थळ नको, असं बाबांना सांगून पाहिलं. तुम्हाला यायचं तर त्याच्या आत या आणि नीट विचारा. पण डोकं शांत ठेवून या. रागात येणार असाल तर येऊच नका, मी त्यांचा नारळ घेईन."

रविवारी पहाट सरता सरता मी गाडी बाहेर काढली. फिरवून इंजिन सुरू करायचं, पुढं लोंबणारं हँडल त्या लाल नाकाखाली शोभत नव्हतं, म्हणून मीच ते कधीचं काढून शेडमध्ये टांगून ठेवलेलं. ते तिथंच राहिलं. मार्गशीर्षातलं धुकं एवढं दाट की नसरापूरपर्यंत बैलांची शिंगं आधी दिसत आणि मागून गाडी. मी दिवे लावले. पुढं ऊन पडलं, मी वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो, आणि विंझरच्या अलीकडच्या जांभळाखाली थांबलो. कशासाठी, तर तिच्या वडिलांपुढं काय बोलायचं त्याची तालीम करायला. पहिलं बोलणं "नमस्कार" पासून सुरू झालं, पण तासाभरात माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण होऊन गेलं होतं. ते बिचारे तिकडं घरी आंघोळ करत असतील. इकडं मी त्यांना आणि वरव्याच्या पाहुण्यांनाही हुंडा, जात, ड्रायव्हरचा मुलगा, सगळ्यावरून सुनावत होतो. चिठ्ठी पुन्हा काढून वाचली. "डोकं शांत ठेवून" हे शब्द आले तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चिठ्ठीचा बोळा करून भिरकावला, गाडीत बसलो आणि सेल्फ दाबला.

टक्. पुन्हा टक्. मग तेही नाही.

बॅटरीची पेटी उघडली. तारा घट्ट होत्या, पाणी होतं, पण जीव नव्हता. हँडल भोरला. पुढं चढ, मागं खळगा. मी एकटा त्या धुडाला बोटभर हलवू शकत नव्हतो. सूर्य वर येत होता, आणि तिकडं वेल्ह्यात कुणीतरी अंगण सारवत असणार.

घटकाभरानं मागून एक बैलगाडी आली. पन्नाशीचा एक रांगडा माणूस, तांबडा पटका, आणि मागं त्याची बायको, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी जपून धरलेलं.

"काय झालं, पाव्हणं?"

"बॅटरी गेली," मी म्हणालो.

"आत्ता ग बया! कुठं गेली?" बाई खाली उतरलीच. "पडली व्हय? लई म्हागाची आसती. आमच्या थोरल्यानं एक आणलीया, रातीला शेतावर न्यायला."

मी तोंड उघडेपर्यंत ती पदर खोचून, वाकून, रस्त्याच्या कडेचं गवत चाळत मागं निघाली होती. तिच्या लेखी बॅटरी म्हणजे हातात धरायची, बटण दाबलं की उजेड पाडणारी. मी हाक मारली, "मावशी, ती नव्हे!" ती लांबून ओरडली, "घावंल, घावंल! पर दिवसाढवळ्या बॅटरी कशाला पायजेल हुती तुला?"

तिच्या नवऱ्यानं गाडीभोवती एक फेरी घातली. "लई पळती म्हनं ही?"

"तासाला साठ मैल."

"मंग पळीव की आता." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसला. अप्पा, एरवी एवढ्यावर मी हात उचलला असता. पण तो हसता हसता बैल सोडत होता. जुवाला जाड दोराचा सोल बांधून त्यानं तो गाडीच्या पुढच्या आसाला अडकवला, बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाला, "तू आपलं ते चाक धर. सायबासारखा बस." विलायती गाडीला दोन खिलारी बैल. मी आत कोट घालून बसलेला, माझ्या नाकासमोर बैलाची शेपटी. चढ चढता चढता त्यानं सांगितलं, "आमी वरव्याचं. वेल्ह्याला निघालोय, धाकट्याची सुपारी हाय."

तासभर ज्यांच्या नावानं मी झाडाला शिव्या ऐकवल्या ते हे, आणि त्यांचेच बैल माझ्यासाठी फेसाळत होते. भांडायचं कुणाशी? राग आला होता, पण तो टांगायला खुंटीच सापडेना. वर पोचेपर्यंत मला त्यांचं सगळं कळलं होतं. पांढऱ्या बैलाचा खूर दुखतो, धाकट्याला जनावरांची समज आहे, बायकोनं पोरीसाठी लुगडं स्वतः निवडलंय.

माथ्यावर त्यानं गाडीचं नाक उताराला आणून सोल सोडला, चाकाखाली दगड सारला. कुणी न सांगता, अप्पा. मी त्या दगडाकडे बघतच राहिलो.

तेवढ्यात बाई धापा टाकत वर आली. "बॅटरी न्हाई घावली बाबा. पर जांभळीखाली ह्यो कागुद घावला, तुझाच आसंल." तिनं तो बोळा मांडीवर ठेवून तळहातानं नीट केलेला. "कामाचा हाय का? वाच की, काय लिवलंय?"

तिला वाचता येत नव्हतं, त्यालाही नाही. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. गाडी उतारावर होती, दगड काढला की निघता आलं असतं. त्यांच्या बैलांच्या आधी पोचलो असतो. मी कागद हातात धरून उभा. आणि का कोण जाणे, जसं होतं तसं वाचलं. वरव्याच्या पाहुण्यांसकट, नारळासकट.

बाईनं फडक्यातला नारळ या हातातून त्या हातात घेतला. "म्हंजी आमचाच," ती हळूच म्हणाली.

नवरा माझ्याकडे वळला. "आनि तू कशाला निघाला हुतास? इचारायला, का मारामारीला?"

"मारामारीला," मी म्हणालो. "सकाळी."

"आनि आता?"

"आता विचारायला."

"पोरीनं आमास्नी आधीच सांगाया नगं का?" तो चिडला, मग स्वतःच म्हणाला, "कुनाच्या तोंडानं सांगनार म्हना." पटका काढून त्यानं डोकं खाजवलं. बायको म्हणाली, "मनात नसल्याली सून आणून काय देव्हाऱ्यात बशिवनार हायेस? धाकट्याला काय, दुसरी मिळंल." लुगड्याचं काय करायचं, यावर त्यांचं थोडं वाजलं. शेवटी तो म्हणाला, "नारळ दिला न्हाई तर तिचा बा म्हननार, पोरीत खोट काढली. म्या सोता जाऊन सांगतो. पर ह्यात बसून जानार. बैलं ही आनील मागनं." मी त्याला शेजारी बसवलं. बाईनं दगड काढला. गाडी घरंगळली, मी गिअर टाकून क्लच सोडला, एक गचका, दुसरा, आणि इंजिन गर्जलं. मागून, शेपटीचे दिवे बघून, बाई ओरडली, "आरं, ही बघ घावली तुझी बॅटरी! दिवसाढवळ्या पेटलीया!"

पुढचे-मागचे दिवे लख्ख. पहाटे धुक्यात लावलेले, मग उन्हात दिसले नाहीत म्हणून विसरलेले, आणि तासभर तालमीत जळत राहिलेले. सगळी बॅटरी मी तिच्या वडिलांशी मनातल्या मनात भांडण्यात संपवली होती. शेजारचा माणूस पटका दोन्ही हातांनी धरून विचारत होता, "ह्ये साठ मैल हायेत का अजून कमीच?"

वेल्ह्यात गाडी आधी गावाबाहेरच्या उतारावर लावायला गेलो, इंजिन बंद करायची हिंमत होईना. शेवटी तिच्या दारापुढं चढाच्या टोकाला, तोंड खाली करून लावली, चालूच ठेवली. तिचे वडील ओसरीवर उभे, वरव्याचे पाहुणे माझ्याबरोबर आलेले बघून त्यांना काही समजेना. पाहुण्यानं रामराम केला आणि मोठ्या आवाजात, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "पोर तुमची सोन्यासारखी हाय. आमचंच मन बदाललंय. बोल माज्यावर." मग मला कोपरानं ढोसलं. मी विचारलं. तालमीतलं एक वाक्य आलं नाही, नमस्कारही नंतर आठवला. तिचे वडील माझ्यावर ओरडले, चांगलेच ओरडले. कॉलेज का सोडलं, गाडी कुणाची, विचारून आणलीस का. तिसऱ्या प्रश्नाला मी "नाही" म्हणालो. मी उलटून बोलायची ते वाट बघत होते, पण मी ओसरीच्या पायरीवर बसलो होतो, अप्पा, खालच्या शेतांकडे तोंड करून. शेवटी म्हणाले, "जूनपासून परत कॉलेजात जा. वर्ष पुरं कर. मग ये. तोवर इथं कुणाचा नारळ येणार नाही." माझा जीव भांड्यात पडला, तो आवाज मलाच ऐकू आल्यासारखा झाला.

ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही. गाडीकडे बघून एवढंच म्हणाली, "दिवे चालू आहेत."

हँडल मी परत गाडीला लावलं आहे. धनी गुरुवारी येतील तेव्हा दिव्यांसकट सगळं सांगणार आहे. काम गेलं तर गेलं, जूनपर्यंत दुसरं बघेन. प्रोफेसरांची माफी मागायची आहे, ते मात्र अजून जमेलसं वाटत नाही. हा कागद मागच्या पायरीवर बसून लिहितोय. आई दोनदा डोकावून गेली. टाकायचा कुठं, ते माहीत नाही, तुमच्या जुन्या पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवीन.

एक राहिलं. सेल्फ तिसऱ्यांदा बोलला नाही तेव्हा मी गाडीच्या चाकाला लाथ मारली. उजव्या पायाचा अंगठा अजून काळानिळा आहे. आईला सांगितलंय, ठेच लागली.