बापाचा जबडा

बोगद्याचा कॅम्प, अरुणाचल
दि. ६ जानेवारी २०२५

सौ. रूपाली हिस,
स. न. वि. वि.

तरी मी सांगत होतो, मनीषला मधी घेऊ नको. तुझा भाऊ हाय, असू दे. पण साहिल माझा हाय. पोराचं जावळ मनीषच्या मांडीवर, कान टोचले ते बी मनीषच्या मांडीवर. म्हटलं रीत हाय, मामाचा मान. आता दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत पण मामाचीच मांडी? रविवारी फोनवर साहिलच खिदळत सांगत होता, की आजीनं मामाला कुंकू लावून खुर्चीत बसवलं. आमच्या आईला मामा दिसला की मान आठवतो. पोराचा बाप कुटं हाय ते न्हाई आठवत. अन् वर त्या डॉक्टरबाई मनीषला साहिलचे पप्पा म्हणाल्या! तुमच्यातल्या एकाची बी जीभ हालली न्हाई?

तेवढ्यात फोन कटला. खाली बाजारात उतरल्यावरच रेंज येते, अन् मागं सगळ्यांची रांग. तितं काय भांडणार? म्हणून लिहितोय.

खालचे दात पुढं अन् वरचे आत, हे काय दुखणं हाय? माझं तसंच हाय. ह्याच दातांनी ऊस सोलून खाल्लाय मी. गावात जो तो म्हणतो, पोरगं हुबेहूब हनुमंत हाय. तेवढंच माझं तितं उरलंय. मनीषची गाडी, मनीषचा बावधनचा फ्लॅट, आता पोराचं तोंड पण मनीषसारखं करून घ्या. मी हो म्हणणार न्हाई.

लोभ भावावर सांडून उरला तर इकडं बी पाठव.

हनुमंत


ता. मुळशी
दि. २५ जानेवारी २०२५

साहिलच्या पप्पांना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला. ऊस तुम्ही कोयत्यानं सोलता. लग्न झाल्यापासून बघतेय. जळायचं तर जळा, पण आधी ऐकून घ्या.

जीभ हालली, अन् माझीच हालली. साहिलला मांडीवर घेऊन बसलेला बघून बाईंनी मनीषलाच तोंड उघडायला लावलं. म्हणाल्या, पप्पांचा जबडा तर छान आहे, मग मुलाचं दातांपुरतंच दिसतंय, काढता-घालता येणारी एक प्लेट देऊन वरचे दात पुढं ढकलून बघू. मनीष आ वासून बसलेला, त्याला काय बोलता येतंय! मी म्हटलं, हा मामा हाय, पोराचा बाप लांब कामाला हाय, अन् त्याचा जबडा अगदी असाच हाय. बाई थांबल्याच. मग एक्स-रे काढला. नुसते दात न्हाईत, वरचा जबडाच मागं राहिलाय. आईंना त्यांनी हसत सांगितलं, की खुर्ची एकाचीच असते. आई अजून रुसल्यात.

आता काय काय करता येतं ते बाईंनी नीट समजावलं. थांबलो अन् वाढ अशीच होत गेली, तर मोठेपणी जबड्याचं ऑपरेशन लागू शकतं. साहिल आठ वर्षांचा हाय तोवर करायचं तर टाळूला एक पट्टी बसवतात. तिच्यातला स्क्रू आपण घरी चावीनं थोडा थोडा फिरवायचा. अन् संध्याकाळपासून सकाळपर्यंत तोंडावर मास्क. त्याची रबरं वरचा जबडा पुढं ओढतात. वर्ष तरी जाईल. पक्के दात आले की तारा लागतील त्या वेगळ्याच. एवढं करून पण बाई खात्री देत न्हाईत. वयात येताना खालचा जबडा बापाच्या वळणावर गेला, तर परत पुढं येऊ शकतो. म्हणून त्यांना तुमचा फोटो पाहिजे. बाजूनं, दात दाबून, ओठ उघडे ठेवून.

लग्नाचा अल्बम काढला. एका पण फोटोत तुमचे दात दिसत न्हाईत. जिथं हसलात तिथं तोंडावर हात. परवा साहिलच्या शाळेत वर्गाचा फोटो काढला. अख्ख्या वर्गात यानं एकट्यानं तोंडावर हात धरलाय. त्याला कुणी शिकवलं न्हाई.

मनीषच्या फोटोवर भागलं असतं, तर तुमचा मागितलाच नसता. लवकर पाठवा. तब्येतीला जपा, राग कमी करा, अन् लोभ होता तसाच असू द्या.

तुमची रूपाली


बोगद्याचा कॅम्प
दि. १७ फेब्रुवारी २०२५

सौ. रूपालीस,
स. न. वि. वि.

फोटो सोबत हाय. खोलीतल्या भैरूनं काढला. म्हणाला, बाजारात बैलाचं वय बघायला आल्यासारखं वाटतंय. सगळी खोली हसत होती. मला माझं तोंड बाजूनं कधी ठाऊकच नव्हतं. बराच वेळ बघत बसलो, मग पाकिटात घातला. बाईंना दाखव. भिंतीला लावू नको.

कर म्हण. आत्ताच कर. पण मनीषवरचा माझा राग गेला असं समजू नको. गाडीनं नेऊन आणू दे त्याला, चावीला मात्र हात लावू द्यायचा न्हाई. चावी तू फिरव. आईला सांग, ह्यात कुणाचा मान न्हाई. मास्क लावताना साहिल रडला तर त्याला सांग, पप्पा बोगद्यात अख्खी पाळी तोंडावर मास्क लावून काढतात. बघू, कोण आधी काढून टाकतो. हे माझं नाव घेऊन सांग. मनीषच्या तोंडून नको.

हे काम सोडायचं मनात होतं. एका जागी माझा जीव किती दिवस टिकतो, तुला ठाऊक हाय. पण मुकादमाला सांगितलं, वर्षभर हितंच राहतो.

आईला नमस्कार, साहिलला गोड पापा. तुझी माया अशीच घट्ट धरून ठेव, सैल सोडू नको.

हनुमंत

ता. क. — मनीषनं एक्स-रेला जे भरलं असेल ते आधी त्याच्या हातावर ठेव, नको म्हणाला तरी खिशात कोंब. बाकीचे बाईंकडं भर. शिमग्याला घरी यायच्या तिकिटाला ठेवलेले धरून अकरा हजार सातशे पाठवतोय.