अप्पांपुढे ठेवलेले पत्ते

९ फेब्रुवारी २०१६

पार्सल आलं. तारामतीने पुण्याहून पाठवलंय. विद्यापीठात आम्ही एका खोलीत राहायचो. मी मराठी शिकवायला लागले, ती आता टॅरो, पत्त्यांवरून भविष्य, शिकवते. आत पत्त्यांचा जोड, एक बारीक टाइपातली इंग्रजी पुस्तिका आणि चिठ्ठी — ‘तुझं मन रमेल.’

मन रमवायचं कधी? कॉलेजचे तास, आणि घरी आजारी वडील, अप्पा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत चालवलेला माणूस. लिलावात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. आता ओठ हलतात, मागून काही येत नाही.

पत्ते कपाटावर टाकले.

११ फेब्रुवारी

अप्पांना जीपमधून लातूरला नेलं. वाचेवर उपचार करणाऱ्या मॅडम तरुण आहेत. सरळ बोलतात.

‘पहिले सहा महिने महत्त्वाचे. आत्ता जे परत येईल ते येईल. चित्रं दाखवा, काय आहे विचारा. चुकीचा शब्द आला तरी चालेल.’

चुकीचा म्हणजे?

‘म्हणायचं असतं एक, तोंडातून निघतं दुसरं. कधी एकच शब्द पुन्हा पुन्हा. आत काय चाललंय ते आपल्याला कळत नाही.’

आईने, म्हणजे अव्वाने, जीपमध्ये विचारलं, काय मनल्या बाई? मी म्हटलं, चित्रं दाखवायची. ‘बस? एवढ्याला लातूर?’

१३ फेब्रुवारी

बालवाडीचा तक्ता आणला. अननस. बदक. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

१४ फेब्रुवारी

बोलले! आज बोलले!

घरात दुसरी चित्रं नव्हती म्हणून टॅरोचे पत्ते काढले. एकेक समोर धरत गेले. एका पत्त्यावर एक बाई, गुडघा टेकून बसलेली, अंगावर वस्त्र नाही, दोन्ही हातांत घागरी. एक तळ्यात ओततेय, एक जमिनीवर. वर तारे.

अव्वा दारातूनच ओरडली, ‘अगं बाई, उघडी! आन् दोनी घागरी सांडूलालीय! कुन्या गावची म्हनावं हिला? टँकर येत न्हाई वाटतं तिकडं!’

अप्पा पत्त्याकडे बघत होते. कपाळावर शीर आली. आणि मग —

‘भर.’

स्पष्ट. अव्वा तिथेच उंबऱ्यावर बसली. पदर तोंडात कोंबून रडली. मी पत्ता धरून उभीच. हात खाली घ्यायची भीती वाटली.

१८ फेब्रुवारी

पुस्तिका वाचतेय. बावीस पत्ते मोठे, बाकी चार रंगांचे — पेले, तलवारी, काठ्या, नाणी. पत्ता सुलटा आला तर एक अर्थ, उलटा आला तर दुसरा. पिसताना प्रश्न मनात धरायचा. पुस्तिका म्हणते, अर्थ पाठ करू नका, चित्राकडे बघा. वर्गात मीही हेच सांगते, कवितेबद्दल.

अव्वाची पुस्तिका वेगळी. सिंहासनावरचा सम्राट म्हणजे ‘निजाम’. हातात कंदील आणि काठी घेतलेला म्हातारा दिसला तशी तिने गळ्यातल्या लिंगाला हात लावला — ‘जंगमस्वामी की हे! ह्यांला खाली नको ठेवू.’ तो पत्ता आता देवळीत असतो.

मी तीन पत्ते काढून घेतले. घोड्यावरचा सांगाडा. वीज पडलेला बुरूज. पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस. पत्ते काढू नयेत असं पुस्तिकेत आहे. असू दे.

२७ फेब्रुवारी

सूर्यावर ‘ऊन’. राजावर ‘शेठ’. तलवारींवर ‘काटा’. प्रेमिकांवर — ‘काटा’.

पत्त्याशिवाय एक शब्द नाही. तहान लागली तरी नाही. पत्ता धरला की येतो.

७ मार्च

महाशिवरात्र. शेजारच्या गौरम्मा बेल घेऊन आल्या, बरोबर त्यांचे यजमान सिद्रामप्पा. ते आणि अप्पा लहानपणापासूनचे सोबती. भांड्यांचं दुकान आहे. गौरम्माने खाटेवरचा पत्ता उचलला, हसत अप्पांपुढे धरला. ‘भावजी, आमच्या पोरीचं यंदा जमंल का वो?’

अप्पा म्हणाले, ‘चल.’

सगळे हसले. मीही.

१६ मार्च

गौरम्माच्या मुलीला निलंग्याचं स्थळ आलं. बघून गेले, पसंत आहे.

दुपारी दारात चार बाया. एकीच्या हातात नारळ.

मी सांगितलं, हे उपचार आहेत, डॉक्टरांनी सांगितलेत. तिने नारळ तिथेच ठेवला. ‘असू द्या की मॅडम. मुका मानूस उगंच बोलत नसतो. ज्याचं बोलनं देवानं मोजून दिलंय, त्याचा शब्द वाया जाईल का?’

अव्वाने सतरंजी घातली.

२२ मार्च

शेषेराव आले. प्लॉटिंगचा धंदा. पांढरे कपडे, दोन मोबाइल. ‘अप्पा, एकच सांगा. उदगीर जिल्हा हुतो का न्हाई? कलेक्टर ऑफिस कुठं हुतं तेवढं बी सांगितलं तर उपकार हुतील.’

पत्ता निघाला मूर्खाचा. गाठोडं खांद्यावर, तोंड आभाळात, पाय कड्याच्या टोकावर.

अप्पा म्हणाले, ‘शेठ.’

शेषेराव माझ्याकडे बघायला लागले. आता हेच होतं. लोक अप्पांचं ऐकतात आणि माझ्याकडे बघतात.

मी म्हटलं, प्रवासाची सुरुवात आहे, पण पायाखाली बघून चाला.

‘म्हंजे हुतो!’ आणि उठले. अव्वा मागून म्हणाली, ‘जिल्हा झाल्यावर आमच्या नळाला पानी येतंय का, ते विचारायचं राहिलं की वो!’

मी हसले, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं. वर्गात मुलं खिडकीबाहेर बघतात. इथे माझ्या प्रत्येक शब्दाकडे माणसं तोंड करून बसतात.

२ एप्रिल

लातूर. मॅडम खूश. शब्द वाढलेत. ‘काय करता घरी? कोण बोलतं त्यांच्याशी?’

येणारे-जाणारे असतात, म्हटलं.

९ एप्रिल

कॉलेजमधून लवकर आले. अव्वा खाटेजवळ. हातात पत्ता — फुलांमध्ये बसलेली राणी. अव्वा पत्त्यावर बोट ठेवून म्हणत होती, ‘ही कोन? सांगा की, कोन ही?’ मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवून — ‘आन् ही?’

अप्पा म्हणाले, ‘पोतं.’

दोन्ही वेळेला.

मी चपला हातात घेऊन अंगणात परत गेले. थोड्या वेळाने आवाज करत आत आले.

१२ एप्रिल

लातूरला रेल्वेने पाणी आलं. टीव्हीवर दिवसभर तेच. गल्लीत एकच बोलणं — आपल्याकडे पाण्याची रेल्वे कधी?

संध्याकाळी सिद्रामप्पा. एकटेच. इतके दिवस त्यांनी काही विचारलं नव्हतं. आज टोपी काढून बसले. अंगणात बोअर घ्यायचाय. दोन कोरडे गेलेत. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरला. नारळ एका ठिकाणी उभा राहिला, पण त्यांचा जीव धजत नाही. ‘माणिक सांगंल तसं.’ अप्पांना नावाने हाक मारणारे ते एकटेच.

पत्ते पिसले, एक काढला. ढगातून निघालेला हात, हातात पेला, पेल्यातून पाण्याच्या धारा. मला हसूच आलं. ह्याहून स्वच्छ काय असतं?

अप्पा म्हणाले, ‘रिकामं.’

सिद्रामप्पांचा चेहरा उतरला. मी म्हटलं — मीच म्हटलं — की रिकामं ते मागचं, दोन बोअर गेले ते. पत्ता सुलटा आहे, पेला भरून वाहतोय. शब्द आणि चित्र एकत्र वाचायचं असतं.

ते म्हणाले, ‘तुमी शिकलेल्या.’

रात्रीचं ताट समोर नेलं. अप्पा ताटाकडे बघून म्हणाले, ‘रिकामं.’ भात होता, वरण होतं. औषधांच्या पुडक्यालाही रिकामं. माझ्या हातालाही.

तोच शब्द पुन्हा पुन्हा. मॅडमनी सांगितलं होतं. शेजारी जाऊन सांगायला हवं.

१४ एप्रिल

गेले नाही.

१९ एप्रिल

बोअरची गाडी सकाळीच आली. तामिळनाडूची माणसं. सगळी गल्ली छपरांवर. गौरम्माने नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं. मशीन सुरू झालं तसा खिडकीचं तावदान थरथरायला लागलं.

धूळ. नुसती पांढरी धूळ. आधी लोक ‘आता ओल येईल’ म्हणत होते, मग छपरांवरून उतरायला लागले. एकेक पाइप जोडत गेले. सिद्रामप्पा धुळीतच उभे. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या. कुणीतरी थांबवा म्हणालं. त्यांनी हाताने खूण केली, अजून एक.

मी खिडकी लावली तरी धूळ आली. अप्पा खोकत राहिले.

दुपारी मशीन बंद झालं. पाण्याचा थेंब नाही.

२१ एप्रिल

टँकरवर गौरम्मा पुढे होत्या. वळून म्हणाल्या, ‘मॅडम, पेला लई मोठा होता की तुमचा! एक तांब्या तरी द्या त्यातला.’ बाया हसल्या. गौरम्मा हसल्या नाहीत.

दुकानाजवळ सिद्रामप्पा दिसले. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, ‘माणिक बराबर बोलला होता. रिकामं मनला. म्याच तुमचं ऐकलो.’

तो नुसता अडकलेला शब्द होता, हे कसं सांगू? सांगितलं तर अप्पांचं काही उरत नाही. नाही सांगितलं तर —

घरी येऊन पत्ते गुंडाळले, ट्रंकेत ठेवले, कुलूप लावलं. दारात आलेल्यांना बंद म्हणून सांगितलं.

अव्वा भांडली. ‘तुज्या चुकीला त्येंचं तोंड कामून शिवूलालीस?’

२४ एप्रिल

शब्द नाही.

३० एप्रिल

शब्द नाही. काल ट्रंक उघडली. घागरीवाली बाई समोर धरली. अप्पांनी तोंड भिंतीकडे केलं. अव्वाने देवळीतला जंगमस्वामी आणला. तोही नको.

५ मे

लातूर. मॅडमनी त्यांची चित्रं दाखवली, वस्तू दाखवल्या, हात धरून गाणं म्हटलं. काही नाही. ‘मागच्या वेळी तर इतकं छान होतं. काय झालं मध्ये?’

सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ‘किती माणसं रोज काहीतरी मागत होती त्यांच्याकडे.’ मग म्हणाल्या, ‘वाट बघू.’

वाट बघणं मला येत नाही. मी अर्थ सांगते. तेवढंच येतं.

९ मे

बसव जयंती. मिरवणूक दारावरून गेली. वाजंत्रीला अप्पांनी मान हलवली असं अव्वा म्हणते. मी पाहिलं नाही.

१३ मे

तारामतीचा फोन. ‘काय मग, रमलीस का पत्त्यांत?’

हो म्हटलं.

१६ मे

सिद्रामप्पा आले. बोअरनंतर पहिल्यांदाच. मी उठून उभी राहिले. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. खाटेजवळ स्टूल ओढलं. अप्पांना काही विचारलं नाही. मोंढ्यात माल नाही, हमाल हैदराबादला कामाला गेले, निलंग्याच्या पाहुण्यांनी लग्न पुढं ढकललं, पाण्याअभावी — असं सांगत राहिले. मध्येच अप्पांना वारा घालायचे. पुन्हा सांगायचे. बराच वेळ.

अप्पांनी मान वळवली. माझ्याकडे नाही. स्वयंपाकघराकडे.

‘सिद्रामला चा. बिनसाखरेचा.’

सिद्रामप्पांना दिवाळीपासून साखरेचा आजार आहे. आमच्या कुणाच्याच लक्षात नव्हतं.