सावकाश ये

११ मार्च

दादाचा फोन. परवापर्यंत 'यायची काही गरज नाही' म्हणणारा दादा आज म्हणतो, 'मिळेल त्या विमानाने ये.' कशाला? 'सहजच गं!' दोन विमानं बदलून कोणी सहज येतं का! बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन आठवडे झालेत.

आमच्या घरची रीत मला चांगली ठाऊक आहे. प्रवासातल्या माणसाला वाईट बातमी कळू द्यायची नाही. काका गेले तेव्हा दादा वाटेत होता. तो पोचेपर्यंत 'काका झोपलेत' असं त्याला मीच तर सांगत होते!

बाबांना फोन दे म्हटलं. 'झोपलेत.'

१२ मार्च, विमानतळ

लॅबमध्ये चार कवळ्या अर्धवट टाकून आलेय. ते चौघे आता माझ्यावर दातओठ खाणार, तेही दातांशिवाय. बॅगेत स्वेटर तीन, टूथब्रश नाही.

वहिनीचा फोन. 'जेवलात का ताई? जपून या हं.' एरवी आमच्यात विस्तव जात नाही! म्हणजे नक्कीच काहीतरी झालंय.

१२ मार्च, विमानात

शेजारचे आजोबा घोरतायत. वरची कवळी सैल आहे, श्वासागणिक खाली येते. समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान समुद्रावर चिकटून बसलंय — हलेल तर शपथ! सारखी उठून फेऱ्या मारतेय. हवाई सुंदरीने विचारलं, 'बरं वाटत नाहीये का?' म्हणून टाकलं, 'माझे वडील गेलेत बहुतेक.' बिचारी पाणी घेऊन आली. मला रडूही येईना, त्याचाच राग आला.

१३ मार्च, मधला विमानतळ

दादाला सरळ सुनावलं — बाबा फोनवर आल्याशिवाय पुढच्या विमानात पाय ठेवणार नाही!

आणि बाबा आले!! तेच खाकरणं. आवाज खोल गेलाय, पण बाबाच. 'खरं सांगा, डॉक्टर काय म्हणाले?' 'माझं सगळं उत्तम आहे म्हणाले. आत्ताच चहा करून प्यायलो.' बाबा आणि चहा! जन्मात कधी गॅस पेटवला नाही या माणसाने. डॉक्टरांनी हृदयाबरोबर डोक्याचीही दुरुस्ती केलेली दिसतेय. आईला द्या म्हटलं, तर ती आडवी झालीय म्हणे. असू दे. तीन आठवडे नवऱ्याच्या उशाशी जागलीय. 'सावकाश ये,' म्हणाले बाबा.

जीव भांड्यात पडला. मग कडकडून भूक लागली, दोन सँडविच खाल्ली. आईसाठी मऊ सपाता घेतल्या, तिच्या टाचा फार दुखतात.

१४ मार्च

बाबा स्वतः न्यायला आले होते. दादाच्या दंडाला धरून, पण उभे! मी लांबूनच ओरडले, 'किती घाबरवलंत मला सगळ्यांनी!'

बाबा म्हणाले, 'तुझ्यासाठी थांबलोय. आईला अजून नेलं नाही.'